मॉन्स्ट्रन्स
रोमन कॅथलिक उपासनेतील पवित्र भाकर भाविकांच्या दर्शनासाठी ज्यात ठेवतात, ते काचेची डबी बसविलेले धातूचे उभे पात्र. पोप चौथा अर्बन याने १२६४ मध्ये ख्रिस्तदेहाचा सण सर्व चर्चसाठी विहित केला. चौदाव्या शतकात या सणाच्या मिरवणुका रूढ झाल्या, तशी अशा पात्रांची गरज वाढली.

पात्राची नावे दोन कल्पनांवर आधारलेली आहेत. इंग्रजी ‘मॉन्स्ट्रन्स’, जर्मन ‘मॉन्स्ट्रांट्स’ व पोलिश ‘मोन्स्त्रांत्स्या’ ही नावे लॅटिन ‘मोन्स्त्रारे’ (दाखविणे) या क्रियापदापासून, तर फ्रेंच ‘ऑस्तांस्वार’ व इटालियन ‘ओस्तेन्सोर्यो’ ही त्याच अर्थाच्या ‘ओस्तेन्देरे’ या क्रियापदापासून आली. स्पॅनिश ‘कुस्तोदिया’ व पोर्तुगीज ‘कुश्तोद्या’ यांचे मूळ मात्र राखण, जतन या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. म्हणजे काही भाषांनी पात्राचे दर्शनकार्य टिपले, तर काहींनी रक्षणकार्य.

प्रसिद्ध ‘बेलेंची कुश्तोद्या’ (१५०६) वास्को द गामाने १५०३ मध्ये पूर्व आफ्रिकेतील किल्वा येथून खंडणी म्हणून नेलेल्या सोन्याची आहे. ती लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहे. जतनाचे नाव धारण करणारे हे पात्र अशा रीतीने सागरी सत्तेच्या सक्तीचीही साक्ष जपून आहे.