भुलाबाईचं गाणं कशात ठेवायचं?

 

मागच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते झाले, व्याज झालं, पासबुकं भरून झाली आणि शेवटी एक विषय निघाला. ग्रामसंघाच्या सामाईक पैशातून आवाज भरायचं एक लहान यंत्र, म्हणजे रेकॉर्डर, घ्यायचं का? भाव विचारले होते; दहा ते पंधरा हजारांच्या मध्ये. अर्ध्या बाया हो म्हणाल्या. बाकीच्या म्हणाल्या, "काहून वं? मोबाईल हाय ना सगळ्याइकडे. तेवढ्या पैशात दोन बकऱ्या येतात." बोलणं खोटं नव्हतं. म्हणून ठराव पुढे ढकलला आणि आम्ही आधी जरा मागचा इतिहास पाहायचा असं ठरवलं. आजवर कोणाचा आवाज राहिला, कशात राहिला, आणि कोणाचा गेला?

आमचा एक गेलाच आहे. दोन वर्षांपूर्वी भुलाबाईच्या दिवसांत आमच्या गटातल्या एका आजीची गाणी आम्ही मोबाईलवर भरली होती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी टिपऱ्या घेऊन दारोदार फिरतात, गाणी झाली की झाकलेला खाऊ ओळखायचा, हे तुम्हाला सांगायला नको. आजीला येत होती ती काही गाणी गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात आजी गेली. मग आम्ही ते भरलेलं नीट ऐकलं. टिपऱ्या वाजल्या की आजीचा आवाज खाली दबतो, टिपऱ्या थांबल्या की ओसरीवरच्या पंख्याची घरघर वर येते. बोल अर्धेच कळतात. आणि तेही ज्या पोरीच्या फोनमध्ये होतं तो फोन हौदात पडला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले दोन तुकडे तेवढे उरले.

आता इतिहासाकडे येऊ. आवाज भरून पुन्हा वाजवणारं यंत्र अमेरिकेत एडिसननं १८७७ साली केलं. आपल्या देशात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि गौहर जान या गायिकेचा आवाज त्यानं तबकडीवर घेतला. तेव्हा माईक नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं, आणि तेही तीन मिनिटांत संपवायचं. विजेवरचं रेकॉर्डिंग १९२५ च्या सुमारास आलं. गौहर जान गाणं संपलं की शेवटी स्वतःचं नाव सांगत असे. तबकड्या परदेशात बनायच्या, तिथल्या माणसांना कोणती गायिका ते कळायला हवं ना! ही रीत आम्हाला फार आवडली. आमच्या आजीच्या त्या दोन तुकड्यांवर तिचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. आणखी वीस वर्षांनी ते कोणीही ऐकलं तर एक बुढी गाते आहे, एवढंच कळेल.

त्या काळी यंत्र जड, महाग आणि शहरातलं. ते जात्यापाशी येणार नव्हतंच. शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाईंचं पाहा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर गाणी सुचत गेली आणि ती मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी लिहून ठेवली म्हणून उरली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि पुस्तक निघालं १९५२ साली. शब्द आपल्यापर्यंत पोचले. पण घरोट फिरवताना त्या कुठे थांबत होत्या, कुठे श्वास घेत होत्या, हे कागदावर उतरत नाही.

याउलट आपल्या गाडगेबाबांचं. बाबा १८७६ साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मले. तेही निरक्षर. त्यांचं कीर्तन म्हणजे बाबांनी विचारायचं आणि लोकांनी उत्तर द्यायचं. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे त्यांचं कीर्तन झालं आणि ते यंत्रावर भरलं गेलं. त्यानंतर ४२ दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ बाबा गेले. त्यांनी उभ्या जन्मात किती कीर्तनं केली असतील! आपण आज ऐकतो ते मुख्यतः त्या एका संध्याकाळचं. पण त्यात बाबांची वऱ्हाडी बोली आहे, मध्येच थांबणं आहे, आणि समोरच्या लोकांचं एकासुरात उत्तर आहे. ते उत्तर नसतं तर कीर्तन अर्धं झालं असतं. आमच्या यंत्राचा पहिला निकष इथूनच निघाला. गाणारी एकटी नको, तिच्यामागे झेलणाऱ्या बायाही ऐकू आल्या पाहिजेत.

मग कॅसेट आली. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ साली काढली. आपल्या खेड्यांत ती घरोघर झाली ती पुढे, आमच्या लहानपणी. लग्नात टेप मिळाला की आळीभर बोलबाला. भजनी मंडळं स्वतःची भजनं भरायची, भीमजयंतीला गाण्यांच्या कॅसेटी चौकात वाजायच्या. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन खाचा असायच्या, आठवतं का? त्यावरचं प्लास्टिक तोडलं की पुन्हा काही भरता येत नसे. पण खाचेवर चिकटपट्टी लावली की झालं! किती घरांत आईच्या ओव्यांवर भावानं सिनेमाची गाणी भरली असतील, विचारू नका. आमच्यातल्या दोघींच्या घरी हे घडलं आहे.

बायांच्या गाण्यांसाठी सगळ्यात मोठं काम झालं ते पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं या दोघांकडून. त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखांहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे त्यांच्यात आले आणि आवाज भरण्याचं काम उभं राहिलं, सुमारे १२० तासांचं. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एक लाखावर ओव्या लिहिलेल्या, आणि ऐकायला १२० तास. १९९६ च्या एप्रिलात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या, त्या या साठ्यात आहेत. पॉइटव्हॅं २००४ साली गेले, हेमाताईही पुढे गेल्या. २०१७ पासून हा सगळा ठेवा 'पारी' या संस्थेनं लोकांपुढे आणायला सुरुवात केली. त्यांची माणसं त्या गावांत पुन्हा गेली, गाणाऱ्या बायांना भेटली. हे जमलं कशामुळे? प्रत्येक ओवीजवळ गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं होतं म्हणून.

तरी तिथंही यंत्र बाहेरून आलेल्याच्या हातात होतं. ते बाईच्या हातात आलं ते तेलंगणातल्या माचनूरला. तिथल्या दलित शेतकरी बायांच्या संघमांनी २००८ च्या ऑक्टोबरात स्वतःचं संघम रेडिओ सुरू केलं. आवाज त्याच भरतात, कापतात-जोडतात आणि हवेतही त्याच सोडतात. आपण आत्ता ज्या रेडिओवर बोलतो आहोत तो त्याच वाटेवरचा.

हे सगळं वाचून, विचारून झाल्यावर आम्ही तीन यंत्रं दोन दिवसांसाठी मागून आणली आणि वापरून पाहिली. झूम, टॅस्कॅम, सोनी अशा कंपन्यांची ही यंत्रं हातात मावतात, साध्या पेन्सिल सेलवर किंवा चार्जिंगवर चालतात आणि मोबाईलसारख्याच लहानशा कार्डावर आवाज भरतात. मोबाईलमध्ये आणि यांच्यात खरा फरक कुठे आहे, ते आजीच्या तुकड्यांनीच आम्हाला शिकवलं. मोबाईल आवाज आपणहून कमी-जास्त करतो. तो बोलण्यासाठी केलेला आहे. टिपरी वाजली की तो सगळंच खाली ओढतो, शांत झालं की पंखासुद्धा वर उचलतो. रेकॉर्डरमध्ये ही आपोआपची सोय बंद करता येते. मग आधी एकदा टिपऱ्या जोरात वाजवून पाहायच्या, पडद्यावरची पट्टी उणे १२ च्या आसपास राहील असा आवाज लावायचा आणि नंतर हात लावायचा नाही. पट्टी शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज परत शिवता येत नाही.

वारा हा दुसरा वैरी. अंगणात भरलेलं पहिलं गाणं नुसतं फडफड ऐकू आलं. माईकवर घालायची केसाळ टोपी मिळते, ती यंत्रासोबतच घ्यायची. यंत्र हातात धरलं तर बोटांची खरखर येते, म्हणून तिपाईवर ठेवायचं. आम्ही पायलीवर कापड टाकून ठेवलं, तेही चाललं.

कशात भरायचं, यावर बरीच चर्चा झाली. एमपीथ्रीमध्ये भरलं तर तासाला साधारण ५८ एमबी लागतात, वेव्ह या साध्या, न दाबलेल्या प्रकारात सुमारे ६३५ एमबी. अकरा पट जागा! पण ३२ जीबीच्या कार्डावर वेव्हचेही ५० तास बसतात, म्हणजे भुलाबाईचा अख्खा महिना. मूळ वेव्हमध्येच ठेवायचं आणि बायांना मोबाईलवर वाटायला त्याचीच एमपीथ्री काढायची, असं ठरलं. मूळाच्या दोन नकला, एक ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरवर आणि एक पेनड्राइव्हवर दुसऱ्या गावी. सगळं एकाच हौदाजवळ नको.

सगळ्यात महाग यंत्र आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं. आवाज त्याचाच उत्तम होता. पण त्याच्या पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी, आणि एक काम करायला चार ठिकाणी दाबावं लागे. साठीच्या बाईला जे चालवता येत नाही ते पुन्हा कोण्या शिकलेल्या पोरीच्याच हातात जाणार. मधल्या भावाच्या यंत्राला लाल मोठं बटण आहे, भरताना दिवा लागतो, आणि त्याला स्वतःचा लहान स्पीकर आहे. हा स्पीकर फार मोलाचा ठरला. त्याचा आवाज काही खास नाही, पत्र्याच्या डब्यासारखा. पण गाणं संपल्या संपल्या तिथेच ऐकवता येतं. सत्तरीच्या एका मावशीनं जन्मात पहिल्यांदा स्वतःचं गाणं ऐकलं. दोन कडवी ऐकली आणि म्हणाली, "हा माहा आवाज व्हय? थांब वं, एक ओळ चुकली, पुन्हा भर." मोबाईलवर भरताना कोणी असं म्हटलं नव्हतं, कारण ऐकवायचं आम्हालाच सुचलं नव्हतं. नंतर ते यंत्र चार घरी फिरलं. स्वयंपाक करताना, शेंगा फोडताना बाया आपलीच गाणी लावून बसल्या होत्या.

एक गोष्ट मात्र बैठकीत वादाची झाली. एक बाई म्हणाली, माझं गाणं ऐका, पण नवऱ्याच्या मोबाईलवर जाऊ देऊ नका. त्यात सासरचं काय काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून आता आमच्या वहीत चार रकाने आहेत: नाव, गाव, तारीख, आणि कोणाला ऐकवायचं. चौथा रकाना गाणारीनं स्वतः सांगायचा. रेडिओवर नको म्हणाली तर नको.

ठराव या महिन्यात मंजूर झाला, सोळापैकी अकरा हात वर आले. बकऱ्यांची बाजू घेणाऱ्या मावशीनं हात वर केला नाही, पण कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांची खोपडी तिच्याच अंगणात उभी राहणार आहे आणि यंत्र तिथेच लागणार आहे. सेल बदलून आणायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं आहे.