चिकटवणं सोपं, सोडवणं अवघड: प्रेस-ऑन नखांचा उलट्या बाजूने इतिहास

आजचा भाग नखांवर आहे. हो, नखांवरच. मुलांनो, लगेच पुढचा भाग लावू नका. आजच्या गोष्टीत विमानं आहेत, कॅमेऱ्याची फिल्म बनवणारी कंपनी आहे, दोन दातांचे डॉक्टर आहेत. आणि एक बाटली आहे. तुमच्या घरात लहान मूल असेल तर त्या बाटलीबद्दल तुम्हाला माहीत असायलाच हवं.

लग्नसराईत काय होतं बघा. हळदीला एक सेट, साखरपुड्याला दुसरा. ऑनलाइन मागवलेल्या डबीत प्लास्टिकची तयार नखं, सोबत चिकट टॅब नाहीतर गोंदाची इवलीशी ट्यूब. पाच-दहा मिनिटांत हात फोटोसाठी तयार. मग रविवारी रात्री उद्याच्या ऑफिसची आठवण होते आणि ती नखं उपटणं सुरू होतं. कुणी दाताने, कुणी सेफ्टीपिनने. नकली नख निघतं, पण सोबत खऱ्या नखाचा पापुद्राही घेऊन जातं.

मी दिवसभर कोड लिहिते. आमच्या धंद्यात ॲप इन्स्टॉल करणं एका टॅपवर आणतात. काढून टाकताना मागे काय कचरा राहतो, हे कुणी फारसं बघत नाही. नकली नखांचा इतिहास वाचताना मला तेच दिसलं. जास्त टिकेल कसं, यावर सगळ्यांनी डोकं लावलं. निघेल कसं, हा प्रश्न कायम मागे राहिला आणि त्याची किंमत वापरणाऱ्यांनी मोजली. म्हणून आज हा इतिहास आपण काढण्याच्या बाजूने बघू. शेवटी घरी काय करायचं तेही सांगते.

आधी नख म्हणजे काय ते बघू

नख केराटिनचं असतं. केसातही हेच प्रथिन असतं. केराटिनचे पातळ थर एकमेकांवर घट्ट बसलेले असतात, आणि सगळे मिळून जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एक पापुद्रा गेला तरी नख बरंच पातळ होतं. ते वाकतं, दुखतं, गरम पाण्यात झोंबतं.

नखाच्या दिसणाऱ्या भागात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे गेलेला थर तिथे परत भरून येत नाही. मुळापासून नवीन नख पुढे सरकण्याची वाट बघावी लागते. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि पूर्ण बदलायला पाच-सहा महिने लागतात. नखावरची मेंदी आठवा. तळहातावरची आठवड्या-दोन आठवड्यांत जाते, पण नखावरची हळूहळू पुढे सरकते आणि शेवटी नेलकटरमध्ये येते. उपटलेल्या नखाचंही तसंच होतं. डागाची तक्रार कुणी करत नाही, पण पातळ झालेलं नख रोज जाणवतं.

दातांच्या दवाखान्यातून नखांपर्यंत

१९३४ मध्ये शिकागोच्या मॅक्सवेल लॅपी या दंतवैद्याने ‘नू नेल्स’ नावाची नकली नखं आणली. ती होती नखं कुरतडायची सवय असलेल्या लोकांसाठी. पुढे १९५० च्या दशकात फिलाडेल्फियाचा दंतवैद्य फ्रेड स्लॅक याचं काम करताना नख तुटलं. समोर कवळी बनवायचं ॲक्रिलिक होतं. त्याने ॲल्युमिनियमच्या फॉइलचा आधार दिला आणि बोटावरच नवीन नख घडवलं. आजच्या ॲक्रिलिक नखांची सुरुवात बहुतेक ठिकाणी इथूनच सांगितली जाते.

आता बघा, दातांच्या डॉक्टरला काय हवं असतं? घट्ट बसणारी, चावून न तुटणारी, वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू. तो गुण नखांच्या साहित्यातही आला. सुरुवातीच्या काळात त्यात मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए, हे रसायन असायचं. त्याचं नख इतकं कडक होतं की ते कुठे अडकलं तर नकली नख तुटण्याऐवजी खालचं खरं नख सोलून निघायचं. ॲसिटोनमध्येही ते सहज विरघळत नाही, घासूनच काढावं लागतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, नखं खराब आणि वाकडी झाल्याच्या, त्वचेला ॲलर्जी झाल्याच्या तक्रारी गेल्या. एफडीएने कोर्टाची मदत घेतली, निव्वळ एमएमए असलेला माल जप्त झाला, परत मागवला गेला. त्यानंतर इथाइल मेथाक्रिलेट हा त्यातल्या त्यात सौम्य पर्याय रुळला.

गोंदाचा शोध लागला, कारण दोन काचा सुटेनात

प्रेस-ऑन नखांसोबत जी ट्यूब येते, त्यात बहुतेक वेळा सायनोॲक्रिलेट असतं. आपलं फेविक्विक याच कुळातलं.

१९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, ईस्टमन कोडॅक कंपनीचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्यांना सायनोॲक्रिलेट सापडलं, पण ते जिथे तिथे चिकटायचं. वैतागून बाजूला ठेवलं. १९५१ मध्ये टेनेसी राज्यात कूव्हर यांच्या हाताखालची टीम जेट विमानांच्या काचेसाठी उष्णता सोसणारं प्लास्टिक शोधत होती. फ्रेड जॉयनर या सहकाऱ्याने तेच रसायन रिफ्रॅक्टोमीटरच्या दोन प्रिझमच्या मध्ये ठेवलं. रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे प्रकाश किती वाकतो ते मोजायचं महागडं यंत्र. प्रिझम चिकटले ते चिकटलेच! आधी वाटलं यंत्र गेलं. मग कूव्हर यांच्या लक्षात आलं की आपल्या हातात जबरदस्त गोंद आहे. १९५८ मध्ये तो ‘ईस्टमन ९१०’ नावाने बाजारात आला.

हा गोंद काम कसा करतो? हवेतला, त्वचेवरचा, नखावरचा किंचित ओलावा लागला की त्याचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि काही सेकंदांत तो कडक होतो. नखावर त्याची पकड इतकी पक्की बसते की नखाच्या थरांची एकमेकांवरची पकड तिच्यापुढे कमी पडते. म्हणून आपण जोर लावला की आधी नखाचा थर सुटतो, गोंद तसाच राहतो. उपटल्यावर नख का सोलतं, याचं उत्तर हे आहे.

सलूनमधून ड्रेसिंग टेबलावर

१९७५ मध्ये व्हिएतनाम युद्ध संपलं आणि निर्वासित अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियाच्या एका छावणीत टिपी हेड्रेन ही हॉलिवूडची अभिनेत्री मदतीला जायची. तिथल्या बायकांना तिची नखं आवडली. तिने स्वतःच्या मॅनिक्युरिस्टला बोलावून वीस जणींना काम शिकवायची सोय केली. त्यातून व्हिएतनामी लोकांचा नेल सलूनचा मोठा व्यवसाय उभा राहिला. सलूनमध्ये एक सोय असते. लावणारी आणि काढणारी बाई एकच, आणि तिला दोन्ही येतं.

१९८० च्या दशकात ‘ली प्रेस-ऑन नेल्स’सारखी तयार नखं दुकानांत गाजली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर हिने लांब, रंगवलेल्या नखांनी धावून तीन सुवर्णपदकं जिंकली. नखांची हौस घराघरात पोचली. पण काढायचं कसं हे माहीत असलेली बाई काही त्या डबीसोबत घरी आली नाही.

आता ती बाटली

त्या वेळी अमेरिकेत नकली नखं सोडवायला मिळणाऱ्या काही द्रावणांत ॲसिटोनायट्राइल असायचं. नाव ॲसिटोनसारखं, बाटली नेलपॉलिश रिमूव्हरसारखी. फरक असा की ॲसिटोनायट्राइल पोटात गेलं की शरीर त्याचं हळूहळू सायनाइड बनवतं. लक्षणं काही तासांनी दिसतात.

१९८८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात दोन मुलांची नोंद छापून आली. सोळा महिन्यांच्या एका मुलाने असं द्रावण प्यायलं. ते साधं ॲसिटोनवालं रिमूव्हर आहे असं समजून उपचार केलेच गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल अंथरुणात मृत सापडलं. दुसरा मुलगा दोन वर्षांचा होता. त्याची प्रकृती गंभीर झाली, पण वेळेवर उपचार मिळाल्याने तो वाचला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत अमेरिकेत अशा द्रावणांना लहान मुलांना उघडता येणार नाही असं झाकण सक्तीचं झालं. युरोपात २००० पासून सौंदर्यप्रसाधनांत ॲसिटोनायट्राइलवरच बंदी आहे. त्या झाकणांमागे एका बाळाचा जीव आहे, एवढं लक्षात ठेवा. म्हणून पहिला नियम: रिमूव्हर घेताना लेबलवर आतलं रसायन वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर ती बाटली घरात आणू नका.

मग घरी काढायची कशी?

निवांत अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. एकच सूत्र लक्षात असू द्या: नख ओढायचं नाही, गोंद सैल करायचा.

आधी पाणी. वाडग्यात हात सहज राहील इतकं कोमट पाणी घ्या. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे किंवा शाम्पूचे चार थेंब घाला. चिकट टॅबवाल्या नखांना दहा-पंधरा मिनिटं, गोंदवाल्यांना वीस. गंमत म्हणजे ओलाव्याने आवळलेला हा गोंद कोमट पाण्यात बराच वेळ राहिला की कमजोरही होतो. मग कडांना खोबरेल तेल सोडा आणि लाकडी क्युटिकल स्टिक बाजूच्या कडेने अलगद सरकवा. नख डावीकडे-उजवीकडे किंचित हलवा. मुळाकडून वर उचकटू नका. अडलं किंवा दुखलं की थांबा, हात परत पाण्यात. या पद्धतीने निघालेली नखं पुन्हा वापरताही येतात.

पाण्याने नाहीच निघाली तर ॲसिटोन. ‘नॉन-ॲसिटोन’ रिमूव्हर पॉलिश काढतं, पण गोंदापुढे ते कमी पडतं. नकली नखाचा वाढीव भाग कापा, वरची चमक फाइलने घासा. आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीन लावा. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळा. दहा-पंधरा मिनिटांनी बघा. प्लास्टिक मऊ, चिकट झालेलं असेल, ते काडीने हलकेच सरकवा. राहिलं तर पुन्हा गुंडाळा.

इथे आपल्या घरांसाठी खास सूचना. ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते. गॅस बंद, अगरबत्ती विझलेली, देव्हाऱ्यातली समई त्या खोलीत नको. खिडकी उघडा. ॲसिटोन गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीही गरम करू नका. वाटी काचेची किंवा स्टीलची घ्या. मोबाइलचं कव्हर आणि चष्मा लांब ठेवा, कारण ॲसिटोन बऱ्याच प्लास्टिकना खातं.

नखावर गोंदाचे ठिपके राहिले तर खरवडू नका. मऊ बफर एक-दोनदा फिरवा, बाकीचे दोन-चार दिवसांत आपोआप निघतील. हात धुवा, खोबरेल तेल चोळा. ‘नखांना श्वास घेऊ द्या’ असं म्हणतात, पण नखं श्वास घेत नाहीत, त्यांना सगळं रक्तातून मिळतं. तरीही मधे सुट्टी द्या, कारण दुखावलेला थर पुढे सरकायला वेळ लागतो.

ट्यूबबद्दलही दोन गोष्टी. एक, ती डोळ्यांच्या औषधासारखी दिसते आणि चुकून डोळ्यात गोंद घातल्याच्या घटना झाल्या आहेत. औषधांच्या डब्यात ती ठेवू नका. दोन, ओला गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला की तो तापतो आणि चटका बसू शकतो. म्हणून सांडलेला गोंद कापसाने पुसू नका.

आणि डॉक्टरकडे कधी? नख हिरवट दिसलं, खाली पू झाला, नख बोटापासून सुटलं, किंवा कातडी लाल होऊन खाज थांबेना तर. ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची असते, आणि दातांच्या उपचारातही आड येऊ शकते. मुलाने काही प्यायलं अशी नुसती शंका आली तरी बाटलीसकट थेट हॉस्पिटल गाठा. घरी बसून वाट बघू नका.

तर मंडळी, दातांच्या डॉक्टरांनी टिकाऊपणा दिला, कोडॅकच्या लोकांनी गोंद दिला. सुखरूप काढण्याचं काम मात्र आपल्याच हातात आहे. त्याला अर्धा तास लागतो. तो दिला नाही तर नख सहा महिने घेतं. हा भाग लग्नाला निघालेल्या मैत्रिणीला नक्की पाठवा, आणि घरात बाळ असलेल्या सगळ्यांनाही. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!