टर्को लक्षणसमूह

बृहदांत्रात (मोठ्या आतड्यात) अनेक पॉलिप आणि त्यांच्या जोडीला मेंदूत किंवा मेरुरज्जूत अर्बुद, असा संयोग ज्यात आढळतो तो विरळा आनुवंशिक विकार. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतील अस्तरावर वाढणारे मांसल मोड. त्यांपैकी काहींचे कालांतराने कर्करोगात रूपांतर होते. क्वीबेक (कॅनडा) येथील शल्यचिकित्सक झाक टर्को यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. या एका नावाखाली दोन भिन्न आनुवंशिक दोष एकत्र आले होते, हे उलगडण्यास सु. ३५ वर्षे लागली.

इतिहास : अशा संयोगाचे एक उदाहरण क्रेल यांनी १९४९ मध्ये नोंदविले होते. तथापि वैद्यकाचे लक्ष वेधले ते टर्को व त्यांचे सहकारी यांच्या १९५९ मधील लेखाने. त्यात एका भाऊबहिणीचा वृत्तांत आहे. दोघांच्याही बृहदांत्रात पॉलिप होते; परंतु एकाला मेड्युलोब्लास्टोमा, तर दुसऱ्याला ग्लायोब्लास्टोमा हे अर्बुद झाले होते. पुढे काही कुटुंबांत केवळ भावंडेच रोगग्रस्त व आईवडील निरोगी आढळल्याने विकार अप्रभावी मानला गेला. इतर कुटुंबांत मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या उतरत असल्याने, बृहदांत्राच्या कुटुंबीय पॉलिपतेप्रमाणेच तो प्रभावी असावा, असे मत पुढे आले.

हा वाद जनुकांच्या शोधाने मिटला. कुटुंबीय पॉलिपतेस कारणीभूत असलेले एपीसी जनुक १९९१ मध्ये पाचव्या गुणसूत्रावर सापडले. डीएनएची प्रत तयार होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी जनुके १९९३-९४ मध्ये ज्ञात झाली. हॅमिल्टन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये १४ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० कुटुंबांत एपीसी जनुकात दोष होता व त्यांत मेड्युलोब्लास्टोमाचे प्राबल्य होते. उरलेल्यांपैकी काहींत दुरुस्ती-जनुकांतील दोष व ग्लायोब्लास्टोमा यांचा संबंध दिसून आला. दुरुस्ती-जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास बालवयातच मेंदूतील अर्बुदे, बृहदांत्राचे व रक्ताचे कर्करोग उद्भवतात आणि त्वचेवर कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात, हेही पुढे स्पष्ट झाले. अशा रीतीने दोन्ही मते आपापल्या कुटुंबांपुरती खरी ठरली.

महत्त्व : हा भेद रुग्णाच्या आप्तांच्या दृष्टीने निर्णायक आहे. एपीसी दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. अशांच्या बृहदांत्राची तपासणी लहान वयापासून नियमितपणे करावी लागते व पॉलिपांची संख्या वाढल्यास बृहदांत्र काढून टाकतात. उलट, दुरुस्ती-जनुकाची एकेक सदोष प्रत आईवडील दोघांकडून आली असेल, तर रुग्णाच्या प्रत्येक भावंडास तोच विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. खुद्द आईवडिलांनाही उत्तरायुष्यात बृहदांत्राच्या कर्करोगाचा धोका संभवतो. त्यामुळे टर्को हे नाव आता मागे पडत असून निदान मूळ जनुकाच्या नावे केले जाते.