९३ हजार युद्धकैदी आणि १९५ आरोपी: हरलेल्या शत्रूशी कसं वागायचं?

१६ डिसेंबर १९७१. ढाक्याच्या रमणा रेसकोर्स मैदानावर एक टेबल, दोन खुर्च्या आणि भोवती प्रचंड गर्दी. पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल ए. ए. के. नियाझी शरणागतीच्या कागदावर सही करतायत आणि शेजारी भारताचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा बसलेत. दरवर्षी विजय दिवसाला हा फोटो आपल्या टाइमलाइनवर फिरतो.

पण त्या कागदावर काय लिहिलं होतं? शरण आलेल्या सैनिकांना जिनिव्हा करारानुसार सन्मानाने वागवलं जाईल आणि त्यांच्या सुरक्षिततेची हमी दिली जाईल, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. म्हणजे ज्या कागदाने पाकिस्तानचा पराभव नोंदवला, त्याच कागदाने जिंकणाऱ्यावरही एक जबाबदारी टाकली.

ही जबाबदारी सोपी नव्हती. २५ मार्च १९७१ पासून याच सैन्याने पूर्व पाकिस्तानात कत्तली आणि बलात्कार केले होते. सुमारे एक कोटी लोक जीव वाचवून भारतात आले होते. बांगलादेश सरकार मृतांचा आकडा ३० लाख सांगतं, तर इतर अनेक अंदाज त्याहून कमी आहेत. पण अत्याचार मोठ्या प्रमाणावर झाले, याबद्दल वाद नाही.

मग अशा शत्रूला सन्मानाने का वागवायचं? आणि सन्मानाने वागवलं म्हणजे माफ केलं, असा त्याचा अर्थ होतो का?

युद्धाची नीती तपासायची कशी?

युद्धाबद्दल नैतिकतेचे साधारण तीन प्रश्न विचारले जातात. युद्ध सुरू करण्याचं कारण योग्य होतं का? लढताना नियम पाळले का? आणि युद्ध संपल्यावर जिंकणारा कसा वागला?

या तिन्हींचे गुण वेगवेगळे द्यायचे असतात. तुमची बाजू न्यायाची असली, म्हणून कैद्याला मारण्याची मुभा मिळत नाही. आणि समोरच्याची बाजू अन्यायाची असली, तरी शस्त्र खाली ठेवलेल्या त्याच्या सैनिकाचं संरक्षण संपत नाही.

कारण युद्ध करायचं की नाही हे साधा शिपाई ठरवत नाही. लढत असताना त्याच्यापासून धोका असतो, म्हणून त्याच्यावर गोळी झाडली जाते. तो शरण आला की हा धोका संपतो. त्यानंतर त्याला मारणं हा सूड झाला.

यात रोकडं शहाणपणही आहे. शरण गेलो तरी मरणारच, असं वाटणारा सैनिक शेवटच्या गोळीपर्यंत लढतो. म्हणूनच १९७१ मध्ये लष्करप्रमुख सॅम माणेकशा यांनी युद्ध चालू असतानाच रेडिओवरून आणि पत्रकांमधून पाकिस्तानी सैनिकांना सांगितलं होतं, की शस्त्रं खाली ठेवा, तुम्हाला सन्मानाने वागवलं जाईल. १३ दिवसांत युद्ध संपण्यामागे लष्करी कोंडीसोबत या शब्दाचाही वाटा होता.

जिनिव्हा करार काय सांगतो?

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात युद्धकैद्यांबद्दल शंभराहून अधिक कलमं आहेत. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येकाला माहीत असायला हव्यात.

कैद्याला नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवा क्रमांक एवढंच सांगणं बंधनकारक आहे. माहिती काढण्यासाठी त्याचा छळ करता येत नाही. त्याला अन्न, औषधं आणि घरी पत्र पाठवण्याची सोय मिळाली पाहिजे. पळून जाताना पकडला गेला, तर त्या प्रयत्नासाठी फक्त शिस्तभंगाची शिक्षा करता येते. भारतीय हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर आणि त्यांचे दोन सहकारी १९७२ मध्ये रावळपिंडीच्या कॅम्पमधून निसटले आणि अफगाण सीमेजवळ पकडले गेले. तिघेही त्याच वर्षी भारतात परतले.

आणखी एक नियम आपल्या हातातल्या फोनशी संबंधित आहे. कलम १३ नुसार कैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलाचा विषय होण्यापासून वाचवलं पाहिजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचा डोळे बांधलेला, रक्ताळलेला व्हिडिओ पाकिस्तानातून बाहेर आला, तेव्हा भारताने याच मुद्द्यावर आक्षेप घेतला होता. तोच नियम शत्रूच्या कैद्यालाही लागू होतो. तेव्हा असा व्हिडिओ गंमत म्हणून फॉरवर्ड करताना हे लक्षात ठेवायला हवं.

नियम मोडला तर काय होतं?

याचं उत्तर ढाक्यातच दोन दिवसांत दिसलं. १८ डिसेंबर १९७१ रोजी एका जाहीर सभेनंतर, पाकिस्तानला साथ दिल्याचा आरोप असलेल्या बांधलेल्या माणसांना मुक्तियोद्ध्यांनी गर्दीसमोर संगिनींनी भोसकलं. या प्रसंगाचे फोटो जगभर छापले गेले. ते काढणाऱ्या होर्स्ट फास आणि मिशेल लॉरां या छायाचित्रकारांना १९७२ चं पुलित्झर मिळालं.

ज्यांनी भोसकलं, त्यांच्या रागाला कारण होतं. पण ना चौकशी झाली, ना खटला. मारले गेलेले खरंच गुन्हेगार होते का, हे आता कधीच कळणार नाही.

याच्या उलट, जवळपास ९३ हजार लोकांना भारतातल्या कॅम्पमध्ये आणलं गेलं. यात सैनिकांसोबत निमलष्करी दलांचे लोक आणि काही नागरिकही होते. स्थानिक लोकांच्या संतापापासून त्यांना वाचवणं, हेच भारतीय लष्कराचं पहिलं काम होतं.

अर्थात भारताचा हिशोबही पूर्ण स्वच्छ नाही. लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडावं, असं करार सांगतो. हे कैदी मात्र दीड-दोन वर्षं, काही जण त्याहून जास्त काळ, भारतात राहिले. शरणागती भारत आणि बांगलादेशच्या संयुक्त कमांडपुढे झाली आहे, त्यामुळे बांगलादेशच्या संमतीशिवाय सोडता येणार नाही, अशी भारताची भूमिका होती. पण वाटाघाटींच्या टेबलावर हे कैदी मोठा पत्ता होते, हेही खरं.

त्या १९५ जणांचं काय झालं?

सन्मान आणि माफी यांतला फरक इथे कळतो. कैदी असणं म्हणजे गुन्ह्यातून सुटका नव्हे. ज्यांच्यावर गंभीर गुन्ह्याचा खटला प्रलंबित आहे, अशा कैद्याला त्याचा निकाल लागेपर्यंत ठेवता येतं, असं करारातच आहे. बाकीच्यांना घरी पाठवायचं आणि आरोपींवर रीतसर खटला चालवायचा, हा मार्ग खुला होता.

एप्रिल १९७३ मध्ये बांगलादेशने १९५ पाकिस्तानी कैद्यांवर खटले चालवणार असल्याचं जाहीर केलं. त्यासाठी त्याच वर्षी कायदाही केला. मे महिन्यात पाकिस्तान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि डिसेंबरमध्ये त्याने ते प्रकरण मागे घेतलं. दुसरीकडे पाकिस्तानात मोठ्या संख्येने बंगाली अडकले होते. ऑगस्ट १९७२ मध्ये चीनने नकाराधिकार वापरून बांगलादेशचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेशही रोखला होता. नव्या देशाला मान्यता हवी होती आणि आपली माणसंही परत हवी होती.

ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली कराराने दोन्हीकडच्या लोकांची परतफेड सुरू झाली. फेब्रुवारी १९७४ मध्ये पाकिस्तानने बांगलादेशला मान्यता दिली. ९ एप्रिल १९७४ रोजी तिन्ही देशांचा करार झाला आणि १९५ जणांवरचे खटले सोडून देण्यात आले. पाकिस्तानने, काही गुन्हे घडले असतील तर त्यांचा निषेध आणि खेद, अशा शब्दांत भावना व्यक्त केल्या. त्याच महिन्याच्या शेवटी जनरल नियाझी वाघा सीमेवरून मायदेशी परतले.

त्या १९५ पैकी एकावरही खटला चालला नाही. पाकिस्ताननेच नेमलेल्या हमूदुर रहमान आयोगाने नियाझींसह काही वरिष्ठ अधिकाऱ्यांवर कारवाईची शिफारस केली होती. त्याचं पुढे काहीच झालं नाही.

‘आपण चांगलं वागलो, आपल्याला काय मिळालं?’

विजय दिवसाच्या पोस्टखाली ही कमेंट हमखास असते. तिच्यामागे खरी वेदना आहे. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेले ५४ भारतीय जवान आणि अधिकारी पाकिस्तानच्या ताब्यात असावेत, असं भारत मानत आलाय. पाकिस्तान ते नाकारतो. २००७ मध्ये काही कुटुंबीय पाकिस्तानातल्या तुरुंगांमध्ये जाऊन आले, पण त्यांना आपली माणसं सापडली नाहीत.

९३ हजार कैदी हातात असताना या जवानांचा हिशोब का मागितला गेला नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण तो वाटाघाटी करणाऱ्यांना विचारायचा प्रश्न आहे. कॅम्पमधल्या कैद्याला उपाशी ठेवून त्याचं उत्तर मिळालं नसतं.

आणि चांगल्या वागण्याला कधी कधी उत्तर मिळतंही. शकरगड भागात जरपालच्या लढाईत पाकिस्तानचे लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा मारले गेले. त्यांच्या शौर्याची नोंद भारताचे लेफ्टनंट कर्नल व्ही. पी. ऐरी यांनी लिहून दिली आणि राजा यांना मरणोत्तर हिलाल-ए-जुरत मिळालं. १९९९ मध्ये कारगिलमध्ये ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी कॅप्टन कर्नल शेर खान यांच्या खिशात अशीच चिठ्ठी ठेवली. त्यांना पाकिस्तानचा सर्वोच्च शौर्य पुरस्कार निशान-ए-हैदर दिला गेला.

मग माफ कुणी करायचं?

शत्रूच्या शौर्याची कदर लढणारा सैनिक करू शकतो. पकडलेल्याला जगवणं ही जिंकलेल्या देशाची जबाबदारी आहे. पण ज्या बाईवर अत्याचार झाला किंवा ज्याचं घर जाळलं गेलं, त्यांच्या वतीने माफी देण्याचा अधिकार ना सेनापतीकडे येतो, ना परराष्ट्रमंत्र्याकडे. १९७४ मध्ये तीन सरकारांचं जुळलं, पण पीडितांना कुणी विचारलं नाही.

त्यामुळेच तो करार होऊनही विषय संपला नाही. २००२ मध्ये परवेझ मुशर्रफ यांनी ढाक्याजवळच्या सावर स्मारकाला भेट देऊन १९७१ च्या घटनांबद्दल खेद व्यक्त केला. तरीही पाकिस्तानने औपचारिक माफी मागावी, ही बांगलादेशातली मागणी त्यानंतरही सुरूच राहिली.