कॅसरोल: ओगराळ्यापासून ओव्हनपर्यंत

मराठी घरात कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा. अमेरिकेत मात्र तो पदार्थ: पसरट भांड्यात तांदूळ, कोंबडीचे तुकडे, पाणी आणि डबाबंद मशरूम सूप, १८० अंशांवर तासभर. कॅम्पबेल या अमेरिकी कंपनीने हे सूप १९३४ मध्ये आणलं आणि असे पदार्थ फार सोपे झाले.

शब्दाचं मूळ ग्रीक ‘क्याथोस’, म्हणजे वाइन काढायचं ओगराळं. पुढे लॅटिनमार्गे फ्रेंच ‘कास’, त्याचं लघुत्वदर्शक रूप कॅसरोल. फ्रेंचांसाठी ते आजही दांड्याचं पातेलंच. भांड्याचं नाव आतल्या अन्नाला मिळणं मला फार आवडतं. आपली चिकन हंडीही तशीच. ओव्हनमधल्या कॅसरोलचं झाकण मात्र घट्ट हवं, वाफ निसटली तर तांदळाचा दाणा कच्चा राहतो.