तुलसी घाटावरची तपासणी

राजीव गांधींनी 14 जून 1986 रोजी वाराणसीत गंगा कृती योजनेचा शुभारंभ केला, तेव्हा संकटमोचन फाउंडेशनला चार वर्षे झाली होती. संस्थापक वीरभद्र मिश्र संकटमोचन मंदिराचे महंत आणि बनारस हिंदू विद्यापीठात हायड्रॉलिक इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. पहाटे गंगास्नान, मग विद्यापीठात तास.

योजनेतून दिनापूरला दररोज आठ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले. मिश्रांची हरकत मुळावरच होती. पंप विजेवर चालणार. वीज गेली की मैला थेट नदीत. शिवाय केंद्रातल्या शुद्धीकरणाने पाण्यातली घाण कमी होते, रोगजंतू मात्र बरेचसे टिकतात. कागदावर सुधारणा दिसली, तरी बुडी मारणाऱ्याला तिचा काय उपयोग? म्हणून 1993 मध्ये संस्थेने तुलसी घाटावर स्वतःची प्रयोगशाळा काढली. नमुने घ्यायचे, मलजन्य कोलिफॉर्म जिवाणू मोजायचे, आकडे लोकांपुढे ठेवायचे. स्नानासाठी 100 मिलिलिटरमागे 500 ही इष्ट मर्यादा, फार तर 2500. घाटांवर ती कित्येक पटींनी ओलांडली गेल्याचे ही प्रयोगशाळा सांगत राहिली.

सरकारच्या कामाची तपासणी आतूनही करता येते. अमेरिकेने 1978 च्या कायद्याने सरकारी खात्यांत महानिरीक्षक नेमले. खात्यात बसूनच खात्याची झडती घ्यायची आणि वर्षातून दोनदा अहवाल संसदेपर्यंत पोचवायचा. आपल्याकडे हे झडतीचे काम महालेखापरीक्षक म्हणजे कॅग आणि न्यायालये वाटून घेतात. वकील एम. सी. मेहतांची गंगा प्रदूषणाविरुद्धची 1985 ची याचिका सर्वोच्च न्यायालयात जवळपास तीन दशके राहिली. 2014 मध्ये ती राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. गंगा स्वच्छतेच्या नमामि गंगे योजनेचा निधी तीन वर्षांत जेमतेम 8 ते 63 टक्के वापरला गेला, असे कॅगने 2017 मध्ये दाखवले. 2024 मध्ये तर लवादाने वाराणसीच्या जिल्हाधिकाऱ्यांनाच विचारले, की हे पाणी तुम्ही पिऊ शकता का! पण पाणी मोजणारी प्रदूषण नियंत्रण मंडळेही सरकारचीच. खरी गोम इथे आहे, आणि घाटावरच्या छोट्या प्रयोगशाळेचे मोलही.

संस्थेची सगळीच स्वप्ने फळली नाहीत. कमी विजेत चालणारी तलावांची शुद्धीकरण योजना तिने वर्षानुवर्षे लावून धरली, ती कागदावरच राहिली. 2013 मध्ये वीरभद्र मिश्र गेले. महंतपद आणि संस्थेची धुरा पुत्र विश्वंभरनाथ मिश्रांकडे आली, तेही प्राध्यापकच. पाण्याची तपासणी थांबली नाही. तिचे निष्कर्ष मात्र सरकारवर बंधनकारक नाहीत.