शारदासदन आणि बोस्टनचे रमाबाई असोसिएशन

१८८६ मध्ये डॉ. रेचेल बॉडली यांच्या निमंत्रणावरून पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास फिलाडेल्फियास गेल्या. तेथे जुळलेल्या स्नेहसंबंधांतून पुढील वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. गावोगावच्या ‘रमाबाई सर्कल’च्या सभासदांनी दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन दिले. त्या द्रव्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, तेथील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी होत.

सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, ही मुख्य अट. १८९० मध्ये सदन पुण्यास आले आणि रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली बसू लागल्या. तेव्हा या अटीचा अर्थच वादग्रस्त ठरला. आपल्या खोलीचे दार उघडे ठेवणे म्हणजे धर्मप्रसार नव्हे, अशी रमाबाईंची भूमिका. पुण्यातील सल्लागारांना ती पटली नाही. त्यांचा संशय सर्वस्वी निराधार होता असेही म्हणवत नाही. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी संबंध तोडला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

बोस्टनची मदत मात्र चालू राहिली. ती अटीपेक्षा रमाबाईंवरील विश्वासावर अधिक उभी असावी. वचनाची मुदत भरल्यावर, १८९८ मध्ये, रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि असोसिएशनची पुनर्घटना झाली.